पत्रांतील कृमि

टपालवाला दारांत पत्र टाकून गेला म्हणजे तें फोडण्यापूर्वीं आपण क्षणभर हातांत धरून पाहतों. अक्षर कोणाचें, शिक्का कोणत्या गांवचा, पाकीट जाड कीं पातळ, एवढें त्या एका क्षणांत पाहून होतें. आणि अक्षर ओळखीचें निघालें कीं पुढील विचार आपोआप थांबतो. ओळखीच्या अक्षरावर असा भरंवसा टाकण्यांत आपल्या वाडवडिलांची कांहीं चूक झाली असें म्हणतां येणार नाहीं. अक्षराची नक्कल करणारे लबाड तेव्हांही होते. परंतु एका माणसाच्या अक्षराची नक्कल करण्यास दुसऱ्या माणसाला तासच्या तास बसून श्रम करावे लागत, आणि असे श्रम करून एका दिवसांत लाख घरीं लाख खोटीं पत्रें पाठविणें कोणासही शक्य नव्हतें.

ईमेल आली तेव्हां तिनें टपालाचे सारे शब्द उचलले. पत्र, पत्ता, पेटी, पाकिटाचें चिन्ह, सर्व कांहीं जुनेंच राहिलें, आणि त्या शब्दांबरोबर जुना भरंवसाही आला. अक्षर तेवढें मागें राहिलें. अक्षराच्या जागीं पाठविणाराचें छापील नांव आलें. आणि छापील नांव माणसाप्रमाणेंच यंत्रालाही लिहितां येतें. ह्या एका उणिवेचा फायदा घेऊन ई-पत्रांतील कृमींनीं गेल्या सुमारें चाळीस वर्षांत जो उपद्रव दिला, त्याचा वृत्तांत थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'व्हायरस' आणि 'वर्म' म्हणजे कृमि, हे दोन शब्द बोलण्यांत एकमेकांच्या जागीं वापरले जातात. पण त्यांत भेद आहे. व्हायरस दुसऱ्या एखाद्या फाईलींत शिरून तिच्या आश्रयानें राहतो. कृमि हा स्वतंत्र प्रोग्रॅम असून आपल्या प्रती आपणच काढतो आणि जाळ्यांतून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. जॉन ब्रनर ह्या इंग्रज कादंबरीकारानें १९७५ सालीं 'द शॉकवेव्ह रायडर' ह्या कादंबरींत अशा एका प्रोग्रॅमची कल्पना केली आणि त्याला 'टेपवर्म' म्हटलें. पुढें अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनगृहांत जॉन शॉक व जॉन हप ह्या दोघांनीं असे प्रोग्रॅम प्रत्यक्ष लिहिले. त्यांचा हेतु चांगला होता. रात्रीं रिकाम्या पडलेल्या संगणकांकडून कामें करून घ्यावीं, एवढीच त्यांची इच्छा होती. तथापि एके रात्रीं त्यांनीं एक लहानसा कृमि चालू ठेवून घर गांठलें, आणि सकाळीं येऊन पाहतात तों यंत्रांमागून यंत्रें बंद पडलेलीं. १९८२ सालीं त्यांनीं हा अनुभव प्रामाणिकपणें छापून प्रसिद्ध केला. कृमि सोडणें सोपें आणि आवरणें कठीण, हा धडा तेव्हांच मिळाला होता. तो फार थोड्यांनीं घेतला.

पत्रांतून फिरणारा पहिला प्रसिद्ध कृमि शुभेच्छापत्राच्या रूपानें आला. १९८७ च्या डिसेंबरांत पश्चिम जर्मनींतील क्लाउस्टाल येथील तांत्रिक विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें स्नेह्यांना नाताळच्या शुभेच्छा पाठविण्याकरितां एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर चालत असे. पत्र घेणारानें सांगितलेला शब्द टंकला कीं पडद्यावर तारकाचिन्हांचें नाताळचें झाड उभें राही. आणि वाचणारा तें झाड कौतुकानें पाहत असतां तो प्रोग्रॅम त्याच्या पत्त्यांची यादी उघडून तींतील प्रत्येकास स्वतःची एक प्रत पाठवून देई. घेणाराला ती प्रत अर्थातच आपल्या स्नेह्याकडून आलेली दिसे. युरोप व अमेरिका येथील विद्यापीठांचीं जाळीं ह्या झाडांनीं भरून गेलीं, आणि आयबीएम कंपनीचें स्वतःचें अंतर्गत जाळेंही तुंबलें. झाडानें कोणाचा कागद फाडला नाहीं, कीं कोणाचे पैसे चोरले नाहींत. पण त्याच्या आंत लेखकानें एक सूचना लिहून ठेविली होती, ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ही फाईल वाचीत बसण्यांत मौज नाहीं, सरळ चालवून पाहा, असा तिचा आशय होता. पुढील सर्व फसवणुकीचें बीज ह्या सूचनेंत आहे. साधें पत्र वाचावयाचें असतें. हें पत्र चालवावयाचें होतें, आणि तें चालविणारा आपण तें वाचीतच आहों असें समजत होता.

पुढच्याच वर्षीं, २ नोव्हेंबर १९८८ रोजीं, कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्यानें सोडलेल्या कृमीनें इंटरनेटवरील हजारों संगणक ठप्प केले. तो खटला गाजला आणि मॉरिसला शिक्षाही झाली. परंतु त्या कृमीला कोणी पत्र उघडण्याची गरज नव्हती. यंत्रांतील दोष शोधून तो आपल्या बळावर आंत शिरत होता. म्हणून आपल्या विषयाच्या दृष्टीनें तो निराळ्या जातीचा होय. घरफोड्या भिंतीला भोंक पाडून आंत येतो. आपण ज्या कृमींविषयीं बोलत आहों ते दारावर येऊन स्नेह्याच्या आवाजांत हांक मारितात, आणि कडी आंतल्या माणसाकडून काढवितात.

मध्यंतरीं पत्राचें रूपच पालटलें. १९९२ च्या मार्चांत नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन ह्या संशोधकानें आपल्या गायकमंडळींचें छायाचित्र व त्यांचें गाणें एका ई-पत्राला जोडून पाठविलें. ज्या पद्धतीनें आज आपण पत्रास चित्रें, हिशेब आणि दस्तऐवज जोडतों, त्या पद्धतीचें हें पहिलें जोडपत्र म्हणून प्रसिद्ध आहे. ही मोठीच सोय झाली. पण सोयीबरोबर एक घोटाळाही शिरला. संगणकाच्या दृष्टीनें चित्र काय आणि हुकूम काय, दोन्ही आंकड्यांच्या रांगाच. त्यांतील कोणती रांग पाहावयाची आणि कोणती पाळावयाची हें फाईलीच्या नांवाच्या शेपटावरून ठरे. शिवाय १९९५ च्या सुमारास असें दिसून आलें कीं, 'वर्ड'मध्यें लिहिलेल्या साध्या दस्तऐवजाच्या पोटांतही 'मॅक्रो' नांवाचे हुकूम दडवितां येतात. कागद आणि यंत्र ह्यांमधील भिंत अशी पडली. नित्याच्या कामांत गुंतलेल्या कारकुनाला, शिक्षकाला वा गृहिणीला ती पडल्याचें कोणी सांगितलें नाहीं.

२६ मार्च १९९९ रोजीं 'मेलिसा' आली. अमेरिकेंतील न्यू जर्सी येथील डेव्हिड स्मिथ ह्या इसमानें ती सोडली होती. पत्राच्या माथ्यावर अमक्याकडून महत्त्वाचा निरोप असें लिहिलेलें असे, आणि त्या अमक्याच्या जागीं घेणाराच्या ओळखीच्या माणसाचें नांव असे. आंत, तुम्ही मागितलेला कागद हा घ्या, दुसऱ्या कोणास दाखवूं नका, एवढाच मजकूर. आपण कागद मागितल्याचें आठवत नसलें तरी माणूस आपल्याच स्मरणशक्तीला दोष देतो आणि कागद उघडून पाहतो. तो उघडतांच यादींतील पहिल्या ५० पत्त्यांवर तेंच पत्र रवाना होई. ह्या ५० च्या आंकड्यांत काय सामर्थ्य आहे तें साध्या गुणाकारानें कळतें. एकाचे ५०, पन्नासांचे २,५००, मग १,२५,०००, आणि चौथ्या फेरींत ६२,५०,०००. प्रत्येक जण पत्र उघडीत नसल्यानें प्रत्यक्षांत एवढी वाढ होत नाहीं; पण दहांतून एकानें उघडलें तरी प्रत्येक फेरींत संख्या पांचपट होते, आणि फेरीला कांहीं मिनिटेंच पुरतात. कित्येक मोठ्या कंपन्यांना आपलीं टपालयंत्रें बंद ठेवावीं लागलीं. स्मिथला थोड्याच दिवसांत पकडण्यांत आलें, आणि २००२ सालीं त्यास २० महिन्यांची कैद व ५,००० डॉलर दंड झाला.

मेलिसाच्या वेळीं जगाला सूचना मिळाली होती. तरीही तेरा महिन्यांनीं, ४ मे २००० रोजीं, जें घडलें त्यानें सर्वांची तारांबळ उडविली. त्या दिवशीं सकाळीं आशियांतील कचेऱ्यांत पत्रें आलीं. त्यांच्या माथ्यावर 'आय लव्ह यू' एवढेच तीन इंग्रजी शब्द, आंत सोबत जोडलेलें प्रेमपत्र कृपा करून पाहावें अशी एक ओळ, आणि खालीं जोडपत्र. जसजसा सूर्य पश्चिमेकडे सरकला आणि एकेका देशांतील कचेऱ्या उघडल्या, तसतसें हें प्रेमपत्र मनिलाहून हाँगकाँगला, तेथून युरोपांत आणि दुपार टळण्यापूर्वीं अमेरिकेंत पोंचलें. ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेला आपली पत्रव्यवस्था कांहीं काळ बंद करावी लागली. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पेंटॅगॉनमध्येंही तें शिरलें. लागण झालेल्या संगणकांची संख्या कोटींच्या घरांत गेली, आणि जगाच्या नुकसानीचे अंदाज अब्जावधि डॉलरांचे करण्यांत आले.

ह्या कृमीनें मेलिसाची मर्यादा सोडली होती. ५० च काय, यादींतील एकूण एक पत्त्यावर तो जाई. शिवाय तो नुसता फिरत नव्हता. संगणकांत जेथें जेथें छायाचित्राची फाईल सांपडेल तेथें तेथें तिच्यावर तो स्वतःचा मजकूर लिहून चित्र नाहींसें करी. गाण्यांच्या फाईली त्यानें नुसत्या दडविल्या, त्या परत मिळण्याजोग्या होत्या. चित्रें मात्र गेलीं तीं गेलींच. डॉलरांच्या हिशेबांत ह्या गोष्टीला जागा नाहीं. पण ज्या घरीं मुलाच्या पहिल्या पावलांचें किंवा गेलेल्या आजीचें छायाचित्र त्या एका यंत्रांतच होतें, त्या घरच्या माणसांना अब्जांचा आंकडा सांगून काय उपयोग?

आतां हें जोडपत्र इतक्या शहाण्या लोकांनीं उघडलें कसें, हा प्रश्न येतो. वर्तमानपत्रांनीं तेव्हां मनुष्यस्वभावाची थट्टा केली. प्रेमाला कोण भुलत नाहीं, असें म्हणून विषय संपविला. ती थट्टा अगदींच खोटी नाहीं. पण अर्धेंच सत्य सांगणारी आहे. दुसरें अर्धें फाईलीच्या नांवांत दडलेलें आहे. त्या फाईलीचें नांव 'लव्ह-लेटर-फॉर-यू' असें असून त्याच्या शेवटीं दोन शेपटें होतीं. पहिलें 'टीएक्सटी' आणि दुसरें 'व्हीबीएस'. पहिल्याचा अर्थ साधा मजकूर, दुसऱ्याचा अर्थ चालणारा प्रोग्रॅम. आणि संगणक मानतो तें नेहमीं शेवटचें. परंतु विंडोज ह्या प्रणालींत ओळखीच्या जातीच्या फाईलींचें शेवटचें शेपूट वापरणाराला न दाखविण्याची चाल मुळांतच ठेविलेली होती. पडदा नीटनेटका दिसावा, सामान्य माणसाला तांत्रिक अक्षरांचा त्रास होऊं नये, हा त्यांतला हेतु. परिणाम असा झाला कीं, माणसाला पहिलें शेपूट दिसलें आणि यंत्रानें दुसरें वाचलें. माणूस निरुपद्रवी मजकूर उघडीत होता. यंत्र हुकूम पाळीत होतें.

आपल्याकडील जुन्या दप्तरांतील कागद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांत माथ्यावर मुद्रा असे, आणि मजकूर संपतो त्या जागीं एक लहान मोहर, म्हणजे मोर्तब, असे. पत्र येथें संपलें, ह्यापुढें एक अक्षरही कोणी घातलें तर तें आमचें नव्हे, असा तिचा अर्थ. त्या काळच्या चिटणिसांना पुरतें ठाऊक होतें कीं, कागदाचा शेवट उघडा ठेवणें धोक्याचें असतें. म्हणून त्यांनीं शेवट झांकला नाहीं, तो मोहर करून दाखविला. इसवी सन २००० च्या संगणकांत नेमका तोच शेवट सोयीच्या नांवाखालीं झांकून ठेविला होता. ज्यांनीं तें पत्र उघडलें त्यांचा दोष मोजतांना, ज्यांनीं शेवट झांकला त्यांचाही मोजला पाहिजे. त्याच वर्षाच्या जूनमध्यें मायक्रोसॉफ्टनें 'आउटलुक'मध्यें दुरुस्ती करून चालणारीं जोडपत्रें अडविण्याची व्यवस्था केली. म्हणजे उपाय अशक्य नव्हता. तो करण्यास उशीर झाला होता.

हें सर्व करणारा कोण? शोध मनिला शहरांत जाऊन पोंचला, आणि ओनेल द गुझमान नांवाच्या एका तरुण विद्यार्थ्यावर संशय आला. त्यानें आपल्या महाविद्यालयांत प्रबंधाकरितां जो विषय सुचविला होता तो दुसऱ्यांचे परवलीचे शब्द चोरण्याच्या प्रोग्रॅमचा होता, आणि अध्यापकांनीं तो नाकारला होता. वर्तमानपत्रवाल्यांपुढें तो आला तेव्हां, कृमि चुकून सुटला असणें शक्य आहे, एवढेंच त्याजकडून निघालें. सरकारनें खटल्याची तयारी केली. पण फिलिपाइन्समध्यें असें कृत्य गुन्हा ठरविणारा कायदाच त्या दिवशीं नव्हता. १४ जून २००० रोजीं तसा कायदा झाला. मात्र तो मागील कृत्यास लावतां येत नव्हता, आणि ऑगस्टमध्यें आरोप काढून घेण्यांत आले. जगभर धुमाकूळ घालणाऱ्या पत्राबद्दल अखेर कोणालाही शिक्षा झाली नाहीं. हिंदुस्थानांतही माहितीतंत्रज्ञानाचा पहिला कायदा त्याच वर्षींचा आहे. ९ जून २००० रोजीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली आणि १७ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. दुसऱ्याच्या संगणकांत विषाणु सोडणाराकडून भरपाई घेण्याची तरतूद त्याच्या ४३ व्या कलमांत आहे.

पुढें सुमारें वीस वर्षांनीं जेफ व्हाइट ह्या ब्रिटिश पत्रकारानें द गुझमानला मनिलांतील एका बाजारांत गांठलें. तेथें तो मोबाइल दुरुस्तीच्या लहानशा गाळ्यांत काम करीत होता. कृमि आपणच लिहिला, असें त्यानें तेव्हां कबूल केलें. इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे परवलीचे शब्द त्याला हवे होते. आणि पुष्कळ लोकांना कोणाच्या तरी प्रेमाची आस असते, हें जाणून त्यानें पत्राला तें नांव दिलें होतें. त्याचें कृत्य ह्यामुळें क्षम्य ठरत नाहीं. परंतु एवढ्या मोठ्या अनर्थाच्या मुळाशीं कोणी महाबुद्धिमान् खलपुरुष नसून फुकट इंटरनेट शोधणारा एक गरीब विद्यार्थी होता, हें कळल्यावर अनर्थाचें भय कमी होत नाहीं, उलट वाढतें.

तें वाढण्यास पुढच्याच वर्षीं आणखी एक कारण मिळालें. फेब्रुवारी २००१ मध्यें ॲना कूर्निकोव्हा ह्या टेनिसपटूचें छायाचित्र म्हणून एक जोडपत्र जगभर फिरलें. त्यांतही तीच दोन शेपटांची युक्ति होती. तें सोडणारा नेदरलंड्समधील वीस वर्षांचा एक तरुण होता. त्याला स्वतःला प्रोग्रॅम लिहितां येत नव्हता. दुसऱ्या कोणीं तयार ठेविलेल्या साधनानें त्यानें तो थोड्या वेळांत बनविला आणि पुढें आपण होऊन पोलिसांकडे गेला. २००४ च्या जानेवारींत आलेल्या 'मायडूम'नें याहून चतुर वेष घेतला. प्रेम नाहीं, चित्र नाहीं. तुम्ही पाठविलेलें पत्र पोंचलें नाहीं, कारण सोबत जोडलें आहे, असा रुक्ष सरकारी थाट त्यानें धरला. शिवाय पाठविणाराच्या जागीं तो भलत्याच कोणाचें तरी नांव घाली. त्यामुळें ज्याच्या नांवानें पत्र आलें, त्याच्या संगणकांत कृमि असेलच असेंही राहिलें नाहीं. पुढें 'एमोटेट' नांवाच्या प्रोग्रॅमनें यावरही ताण केली. तो लोकांचा जुना पत्रव्यवहार चोरून त्याच पत्रांना उत्तर म्हणून आपलें जोडपत्र पाठवी. म्हणजे स्नेह्याच्या नांवाबरोबर आपलेंच मागचें बोलणेंही वाचणारापुढें येई. जानेवारी २०२१ मध्यें अनेक देशांच्या पोलिसांनीं मिळून त्याचें जाळें उध्वस्त केलें. पण त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुनः दिसूं लागला. २०२२ सालीं मायक्रोसॉफ्टनें इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो आपोआप बंद ठेवण्यास आरंभ केला. मेलिसाला तेव्हां तेवीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

आतां ही गोष्ट आपल्या घरापर्यंत आली आहे. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या देशांत व्हॉट्सॲपवरून लग्नाचीं आमंत्रणें म्हणून ज्या फाईली फिरल्या, आणि ज्यांविषयीं ठिकठिकाणच्या पोलिसांनीं इशारे दिले, त्यांच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात. ती पत्रिका नसून मोबाइलमध्यें बसणारा प्रोग्रॅम असतो. तो आलेले संदेश वाचतो, बँकेचे परवलीचे आंकडे पळवितो आणि खातें रिकामें होतें. क्लाउस्टालचें नाताळचें झाड आणि आपल्याकडील लग्नपत्रिका ह्यांत अंतर किती थोडें आहे, हें वाचकांच्या लक्षांत येईलच. आनंदाचें निमित्त, ओळखीचें नांव, आणि वाचण्याच्या मिषानें चालवावयास लावलेला हुकूम, ह्या तीन गोष्टी दोहोंतही आहेत.

मग करावें काय? प्रत्येक पत्राकडे चोराच्या नजरेनें पाहूं लागलों तर पत्रव्यवहाराची गोडीच संपेल, आणि कृमीनें न मागतां त्याला तोही विजय मिळेल. दोनतीन साध्या संवयी पुरेशा आहेत. न मागितलेलें जोडपत्र आलें तर नांवाचा शेवट पाहावा, आणि शंका राहिल्यास पाठविणारास निराळ्या मार्गानें, म्हणजे फोन करून, विचारावें. चालणारी फाईल पत्रांतून आली तर ती कोणाच्याही नांवानें येवो, उघडूं नये. आपलीं छायाचित्रें व महत्त्वाचे कागद एकाहून अधिक ठिकाणीं ठेवावे. आणि चूक झालीच तर ती लपवूं नये. आपल्या नांवानें पुढें गेलेलीं पत्रें आपण बोललों तरच थांबतील. ह्या कृमींना वेळोवेळीं जें अधिक फावलें त्याचें एक कारण हें कीं, फसलेल्या माणसाला लाज वाटते आणि तो गप्प बसतो. घरांतील वडील माणसाच्या हातून असें झालें तर मुलांनीं त्यांना हंसूं नये. हंसलें तर पुढच्या वेळीं तीं माणसें सांगणार नाहींत.

आपल्या आजोबांना अक्षर पाहून पत्र ओळखतां येत असे. आपल्याला तें साधन उरलें नाहीं. पण ज्याच्या नांवानें पत्र आलें त्या माणसाचा आवाज अजून आपल्या ओळखीचा आहे, आणि तो ऐकावयास एक मिनिट पुरतें.